शिगेची पाटी

४ नोव्हेंबर १९५७

रिकाम्या पाट्या मुंबईहून परत आल्या. काकडीच्या पाट्यांचे तळ ओले, चिकट. एकीला तर असा आंबूस वास की मांजर लांबूनच वळलं. मुंबईचा बाजार मी पाहिलेला नाही, पण पाटी परत आली की तिथं काय झालं ते नाकाला कळतं.

ह्यांना विचारलं, माल कसा पोचला. "पोचला." एवढंच. ह्यांच्या तोंडून जास्तीचा शब्द काढायचा म्हणजे खडकावरून कालव काढण्यापैकी.

पाट्या विहिरीवर घासल्या, उन्हात पालथ्या घातल्या. वास गेला नाही.

७ नोव्हेंबर

भाजी निघायच्या आधी तिच्यावर पाणी मारायची इथं पद्धत. ताजी दिसते, वजनाला भरते. काकडीचं ठीक, पण भेंडीवरही मारतात. ओली भेंडी शिडाच्या मचव्यात दडपून पडली की काळी पडणार नाही तर काय. ह्यांना म्हटलं, भेंडीला पाणी नको. हो म्हणाले. थोड्या वेळानं बघते तर सासूबाई तांब्या घेऊन हजर, भेंडीची अंघोळ चालू.

"सुकी भाजी कोन घेतंय ग?"

मी तळे गावची, डोंगरातली. दर्याकाठच्या भाजीतलं मला काय कळतं, हे त्या न बोलता सांगतात. पुढच्या खेपेसाठी तांब्या लपवून ठेवलाय.

१२ नोव्हेंबर

भेंडी कोरडी गेली. बाजारातला आमचा दलाल, त्याला सगळे शेठ म्हणतात, तो म्हणाला, भेंडी चांगली आहे. काकडी-वांग्याची घाण ती घाणच.

तांब्या सासूबाईंना सापडला. मडक्यामागून काढला, माझ्यासमोर घासला, जागेवर ठेवला.

१९ नोव्हेंबर

काल मुंबईला जाऊन आले. हे नको म्हणत होते. सासूबाईच म्हणाल्या, "जाऊं दे तिला येकदा, म्हंजे डोकं तरी शांत होल."

मचव्यात माल कसा जातो ते डोळ्यांनी पाहिलं. आमच्या पाटीला शीग असते, म्हणजे काठाच्या वर वीतभर रचलेली भाजी. त्या शिगेवर दुसरी पाटी. तिच्या शिगेवर तिसरी. सगळा भार खालच्या काकडीच्या डोक्यावर. आणि सगळ्यात वरच्या शिगेवर मचवा चालवणाऱ्या धर्मा तांडेलाची माणसं विडी ओढत बसलेली. आमच्या वांग्यांवर ऐसपैस बसून एक जण मला विचारतो, "वैनी, मलमलतंय का?" मळमळत होतंच, पण ते लाटांनी नाही.

भायखळ्याच्या बाजारात हमाल पाटी उलटी करतात. शिगेतला ठेचलेला माल आधी घरंगळतो, म्हणजे गिऱ्हाइकाला पहिलं दर्शन त्याचं. खालचा चांगला माल नंतर दिसतो, तोवर तोंड वाकडं करून झालेलं असतं.

शेजारच्या गाळ्यावर वामनभावजी. तिथं वजनकाट्यावर असतात. ह्यांचे धाकटे भाऊ, पाच वर्षांत घरी आलेले नाहीत. मुंबईत परस्पर लग्न केलं, घाटावरची मुलगी, आपल्यातली नाही. सासूबाई तेव्हा सगळ्या वाडीच्या देखत म्हणाल्या होत्या, "मी मेल्यावर चढ ह्यो उंबरठा. त्याच्या आदी नको." तेव्हापासून त्यांनी नाव घेतलं नाही आणि भावजींनी पाऊल टाकलं नाही. दोघंही शब्दाचे पक्के. असला पक्केपणा काय जाळायचाय, असं मला कितीदा वाटतं.

भावजी मला बघून हसले. जवळ आले नाहीत. काट्यावरून सारखे आमच्या पाट्यांकडे बघत होते. मला वाटलं, माल बघतायत.

२१ नोव्हेंबर

जेवताना विषय काढला. शीग नको. पाटी काठाला सपाट भरायची, काठावर बांबूच्या कामट्या आडव्या टाकायच्या. वरच्या पाटीचा भार काठावर येईल, भाजीवर नाही. इतकं सोपं.

सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"सपाट पाटी ह्या घरातून कवा निंगते, म्हाईत हाय तुला?"

माहीत नव्हतं. आता कळलं. घरात कोणी गेलं की वर्षभर पाटीला शीग लावत नाहीत. बाजारात सपाट पाटी उतरली की सगळे ओळखतात, ह्या घरचं माणूस गेलं. त्या दिवशी कोणी घासाघीस करत नाही. मामंजी गेले तेव्हा वर्षभर सपाट गेल्या, मी नवी होते, लक्षात आलं नव्हतं.

"मना जित्तेपनी मारतंस काय?"

हे आमटीत काहीतरी शोधत होते. सापडेना बहुतेक.

मामंजींच्या त्या वर्षी नुकसान कमी झालं होतं का, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

२८ नोव्हेंबर

शीग ठेवूनच कामट्या घालून बघितल्या. मधला मार्ग म्हणून. कामट्या शिगेत घुसल्या, वांग्यांना भोकं. परत आलेली दोन-चार वांगी ह्यांनी दाखवायला आणली होती.

सासूबाई खूश. "बरं जालं, मसाला भराया चिरायला नको."

एक मात्र आहे. शीग त्या स्वतः लावतात. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. एकेक वांगं फिरवून बघतात, किडकं नको, वाकडं नको, देठ आतल्या अंगाला. इतका वेळ त्या देवाच्या पूजेलाही देत नाहीत. कोणासाठी एवढं? तिथं हमाल उलटीच करणार पाटी.

५ डिसेंबर

ह्यांच्या तळपायात कालवाचं शिंपलं गेलं. पाय भोपळ्याएवढा. बाजाराला जाणं शक्य नाही. सासूबाई भाच्याच्या लग्नाला माहेरी गेल्यात, परवा येतील. मचवा उद्या सुटणार. म्हणजे पाट्या भरायला मी एकटी.

माळ्यावरच्या कामट्या खाली काढल्या.

६ डिसेंबर

भरल्या. सपाट.

माल उजाडता तोडला, लगेच भरला नाही. मांडवाखाली सावलीत पसरून गार होऊ दिला. शेतातली ऊब घेऊन भाजी पाटीत गेली की आतल्या आत उकडते, हे ढिगात हात घातला की कळतं. तळाला पेंढा, कडेला केळीची पानं. भेंडी कोरडी. काठावर कामट्या, सुंभानं बांधून.

हे ओटीवर पाय उंच करून बघत होते.

"आयेला कलंल."

"कळू दे. रिकाम्या पाट्या येतील तेव्हा त्यांनाच वास घ्यायला देईन."

"हं." मग बऱ्याच वेळानं, "बाबांच्या वर्साला माल चांगला पोचायचा."

हे आता सांगतायत!

धर्मा तांडेलानं पाट्या उचलल्या, माझ्याकडे बघितलं, विचारलं काही नाही. भाऊच्या धक्क्यावर तो पाट्या हातगाडीवर चढवून देतो, पुढं बाजारात जात नाही. म्हणजे बाजारात आमच्या पाट्यांबरोबर आमचं कोणीच नाही. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं.

८ डिसेंबर

काल जे झालं ते आज लिहिते.

दुपारी सासूबाई लग्नाहून आल्या. पाय धुतले आणि दाराच्या आत सूप घेऊन वाल निवडायला बसल्या. नवरीच्या मामीला नावं ठेवणं चालू होतं. पाट्यांचं कसं सांगावं ह्याचा मी विचार करत होते. तेवढ्यात वाडीच्या फाटकातून एक माणूस पळत आत आला. अनवाणी. वामनभावजी.

ओठावर मिशी नव्हती.

मला एकदम उलगडलं. सपाट पाट्या, बरोबर भाऊ नाही. आई गेली म्हणून धक्क्यावरच्या न्हाव्यासमोर बसून मिशी काढून आले होते. पोचेपर्यंत दहन उरकलेलं असेल, निदान तेवढं तरी आपल्या हातून व्हावं म्हणून.

अंगणाच्या मध्यावर थांबले. समोर दारात सासूबाई, मांडीवर सूप. सूप कलंडलं. वाल घरंगळत उंबरठ्याला येऊन थांबले.

मग सासूबाईच म्हणाल्या, "मिशी कुठं टाकलीस?"

भावजी ओटीच्या पायरीवर मटकन बसले. "पाट्या सपाट आल्या. दादा पन नाय आला. मना वाटलं..." रडले. तोंड झाकून वगैरे नाही, सरळ मोठ्यानं. बापया माणूस असा रडताना मी पाहिला नव्हता.

सासूबाई उठल्या, उंबरठ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. भावजी उठून ओटीवर आले आणि उंबरठ्यापाशी थांबले. मध्ये लाकडाची एक पट्टी. मी मनातल्या मनात दोघांनाही ढकलत होते.

"मेले नाय आजून," सासूबाई म्हणाल्या.

"व्हय. बघतंय," भावजी म्हणाले.

झालं. एवढंच बोलणं. मी पाणी दिलं, गूळ दिला, ते ओटीवरच प्यायले. हे लंगडत बाहेर आले, भावाच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. सासूबाई वळून चुलीकडे गेल्या. तिथून मोठ्यानं मला, "त्याला इचार, पोरगी चालते का?"

भावजींची पोरगी चार वर्षांची आहे.

भावजी म्हणाले, "सांग वैनी, पलते."

मी बंदरापर्यंत पोचवायला गेले. चालताना म्हणाले, "मचव्याचा माल बाजारात आला का मी आदी तुमच्या पाट्या बघतंय. शीग दिसली का आये हाय. मग कामाला लागतंय."

पाच वर्षं. आणि मी त्याच शिगेच्या मागे लागले होते.

"आता अशाच येनार का, सपाट?"

मी विचारलं, माल कसा पोचला? विचारताना लाज वाटली, पण विचारलं.

"येक काकडी फुटली नाय. शेठ पन बघत ऱ्हायला."

"मग अशाच येतील," मी म्हटलं.

"आनि खरंच काय जालं तर?"

मी म्हटलं, "तेव्हा शीग लावीन."

भावजींनी मान हलवली. लाँच लागली. हात ओठावर ठेवूनच चढले. उघडं उघडं वाटत असेल.

१२ डिसेंबर

रिकाम्या पाट्या आल्या. कोरड्या. तळाला नाक लावून बघितलं, नुसता बांबूचा वास. आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा. पण कोणाला दाखवायचा?

पाट्यांबरोबर शेठनी नारळ पाठवलाय, सपाट पाट्या उतरल्या त्याच दिवशी बांधून ठेवलेला, आणि निरोप, आई भली बाई होती. निरोप धर्मा तांडेलानं खाली मान घालून, जिच्याबद्दल होता तिलाच सांगितला. सासूबाईंनी नारळ कानाशी नेऊन हलवला. "पानी हाय." स्वतःच्या सुतकाचा नारळ फोडला आणि खोबरं आमटीत घातलं. आम्ही सगळ्यांनी खाल्ली. काय करणार.

माझ्याशी अजून बोलत नाहीत.

१६ डिसेंबर

आज भरताना मी आपणहून शीग लावायला घेतली. हरले म्हणून नाही, भावजींसाठी. सासूबाई मागं येऊन उभ्या.

"सपाट भर."

मी हातातलं वांगं खाली ठेवलं.

"येकदा मेले म्हनून सांगून जालंय. आता रोज रोज कोन मरतंय?"

आणि बसल्याच शेजारी. हात रिकामा ठेवणं त्यांना जमत नाही. सपाट पाटीतसुद्धा वरचा थर त्यांनी लावला, देठ आतल्या अंगाला.

९ जानेवारी १९५८

शेजारची घरंही सपाट भरायला लागली. आधी म्हणायची, ह्यांच्याकडे अपशकुन झाला, आता कामट्या कशा तासायच्या ते विचारायला येतात. धर्मा तांडेल खूश, पाट्या नीट रचल्या जातात, मचवा डोलला तरी कोसळत नाहीत. त्याची माणसं जास्तच खूश. पूर्वी शिगेवर बसायला टोचायचं, आता काय, पाटच मांडलेला. कामट्यांवर बसू नका म्हणून मी बंदरावर जाऊन ओरडून आले. हसले सगळे. पुढच्या खेपेला एक कामटी मोडलेली.

पाणी मारणं काही सुटत नाही. सासूबाईंशी तह झालाय. काकडीला त्यांचा तांब्या, भेंडीला माझा शब्द.

३ फेब्रुवारी

जेवताना हे एकदम म्हणाले, "मिशी आली त्याची."

सासूबाई, "कोनाची?"

"कोनाची नाय."

जेवण झालं. सासूबाईंनी कोवळी तोंडली निवडून सुती धडप्यात बांधली. ह्यांच्याजवळ दिली. "ही पाटीत नको. चेंगरतील." कोणाला द्यायची ते सांगितलं नाही. ह्यांनी विचारलं नाही.

७ फेब्रुवारी

धडपं परत आलं. धुतलेलं, घडी घातलेली. घडी आमच्यासारखी नाही, आमच्याकडे चौकोनी घालतात, ही लांबट, जावेच्या हातची. सासूबाईंनी ते हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. मोडून पुन्हा आपल्यासारखी घडी घालतील असं वाटलं. तशीच ठेवली फडताळात.

२० मार्च

उन्हाळा लागला. सपाट असो की काय असो, उन्हापुढं भाजी माना टाकते. पाट्यांवर ओलं गोणपाट टाकायला लागले. वाऱ्यानं ते वाळतं तोवर खाली गारवा राहतो. वाटेत एकदा भिजवा म्हणून धर्माला सांगितलं, तर त्यानं समुद्राचं पाणी मारलं! माठाच्या भाजीची पार वाट लागली. गोड पाण्याचा डबा मचव्यात वेगळा ठेवून दिलाय. त्यातलं पाणी त्याची माणसं पितात.

आज सासूबाईंनी विचारलं. विळीवर बसल्या होत्या, माझ्याकडे न बघता.

"आता सगल्या वाडीच्या पाट्या बोडक्या. उंद्या मी खरीच गेले तर त्याला कलंल कसं?"

बंदरावर भावजींना काय बोलले होते ते सांगितलं. तेव्हा शीग लावीन म्हटलंय.

त्यांनी हातातला दुधी चिरून संपवला. मग म्हणाल्या, "शीग तुला लावता येते काय?"

२१ मार्च

शीग शिकले. आज काही मचवा नव्हता. नुसत्या शिकण्यासाठी पाटीभर वांगी आणवली त्यांनी. मोठी खाली, काठाला आतून टेकून, प्रत्येक थर थोडा आत घ्यायचा, वरती एकच, देठ खाली. तीन वेळा कोसळली. "तल्याची माती," म्हणाल्या. चौथ्यांदा उभी राहिली. त्यांनी फिरून चहूकडून बघितलं आणि बोट लावून वरचं वांगं किंचित हलवलं. तेवढं त्यांना करावंच लागतं.

मग आम्ही दोघींनी ती शीग उतरवली. रात्री सगळ्यांना भरलं वांगं.

२ मे

सासूबाईंना धाप लागते. विहिरीवरून येताना दोनदा बसल्या. पाय सुजलेत. विचारलं तर म्हणतात, लग्नात चालणं झालं. लग्न होऊन पाच महिने झाले.

१५ मे

अलिबागहून डॉक्टर आणले. छाती तपासली, बाहेर येऊन ह्यांच्याशी बोलले. हे आत आले ते सरळ गोठ्यात गेले, बराच वेळ आले नाहीत. म्हणजे कळलं मला.

संध्याकाळी ह्यांनी आईजवळ बसून सांगितलं, "वामनला बोलवतंय."

"नाय."

"आये..."

"शब्द दिलाय मी वाडीदेखत. त्यो मी मोडायची नाय. आनि माज्यासाठी त्यानं पन मोडू नये."

मी तिथंच होते. मला राग आला, इतका की भांडं आपटलं. मरणाच्या दारात बसून असला हट्ट. पण हेही खरं की आजवर त्यांना ह्याच हट्टानं उभं ठेवलंय. मामंजी गेल्यावर वाडी ह्याच बाईनं राखली.

२३ मे

उद्याचा मचवा शेवटचा. वारा फिरलाय, धर्मा म्हणतो, हा परत आला की वर ओढून शाकारणार, मग थेट नारळी पुनवेनंतर. माल थोडाच आहे, कारली, दुधी, थोडी वांगी. हे जाणार नाहीत, आईला सोडून कसे जातील. पाट्या धर्माबरोबरच.

सासूबाई कालपासून नुसती पेज घेतात.

२४ मे

सकाळी भरायला बसले तर सासूबाईंनी आतून हाक मारली. आवाज लहान झालाय. जवळ गेले.

"येका पाटीला शीग लाव."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा खाटेशी खाली बसले.

"आई, तुम्ही जित्या आहात."

"त्यो येईस्तवर बघूं."

हे दाराशी होते. "मी जातो. सांगून आनतो त्याला."

"तू सांगू नको. बोलवून आला तर माजा शब्द जाईल. पाटी बघून आला तर आला."

"पण खोटं आहे हे," मी म्हटलं. गेल्या वेळी भावजी अंगणात कसे उभे होते ते डोळ्यांसमोर होतं. पुन्हा त्यांना तसं पळत यायला लावायचं, मिशी काढून, मला सहन होईना.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "भाजी तू बाजाराच्या आदी तोडतंस ना? का तर पोचाया येल लागतो म्हनून. तसंच हाय ह्ये."

मी उठले.

पाटी त्यांच्या खाटेशेजारी आणली. वांगी त्यांनी निवडून दिली, निजल्या निजल्या, एकेक फिरवून. मी लावत गेले. मोठी खाली, थर आत आत, वरती एक, देठ खाली. एकदाही कोसळली नाही. त्यांनी बोट उचललं आणि वरचं वांगं किंचित हलवलं.

बाकीच्या पाट्या सपाट, कामट्या बांधून. शिगेची एकटी. बंदरावर मी स्वतः घेऊन गेले. धर्माला सांगितलं, ही सगळ्यात वर ठेव, हिच्यावर काही नको, कोणी बसू नका. धर्मानं शिगेकडे बघितलं, मग माझ्या कपाळाकडे, मग घराच्या दिशेला. "म्हातारी?" मी म्हटलं, आहे. तो गोंधळला. पण पाटी त्यानं दोन्ही हातांनी घेतली आणि स्वतः वर नेऊन ठेवली.

घरी आले तर हे आणि शेजारचे दोघं खाट उचलत होते. सासूबाईंनी सांगितलेलं, ओटीवर घ्या. मला वाटलं आत हवा लागत नाही म्हणून. खाट दाराबाहेर आणून ठेवली तर म्हणाल्या, आजून पुढं. अजून थोडी पुढं घेतली. मग त्यांनी मान वळवून मागं बघितलं. उंबरठा मागं राहिला होता, खाटेपासून चांगला हातभर.

"हितं बसंल त्यो," म्हणाल्या, खाटेची कड चाचपून. "ओटीवर कोनी नको म्हनलेलं नाय."

ह्यांनी तोंड फिरवलं. मी फडताळातून ते लांबट घडीचं धडपं काढून त्यांच्या उशाशी ठेवलं.

वारा दक्षिणेचा आहे, मचव्याला पाठीशी. पाटी पहाटे बाजारात असेल.